वेबसाइट केली, पण येतंय कोण?

सयांनो, कामं आटोपली असतील तर बसा, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात केंद्रावर एका गटाचं पत्र आलं. गटाचं नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पत्रात लिहिलं होतं, "गटाची वेबसाइट करून आठ महिने झाले. पैसे भरले, फोटो काढले, उद्घाटनाला पेढे वाटले. आजपर्यंत एक ऑर्डर आली, तीही आमच्या सचिवताईंच्या भावाची." वाचून आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. कारण आमच्या गटाचं पहिलं वर्ष अगदी असंच गेलं होतं. आम्हाला तर सचिवताईंच्या भावाचीही ऑर्डर आली नव्हती.

तर आज त्याच प्रश्नावर बोलू. वेबसाइट केली, पण तिथं माणसं आणायची कशी?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण आठवडी बाजारात पोतं अंथरून बसतो, तेव्हा आपलं काही नाव नसलं तरी समोरून माणसं जात असतात. कुणी मेथी घ्यायला आलेला असतो, त्याची नजर आपल्या पापडांवर पडते. वेबसाइटचं तसं नाही. वेबसाइट म्हणजे आडरानात बांधलेलं दुकान. दुकान कितीही देखणं असो, तिथं जायला पायवाटच नसेल तर कुणी फिरकणार नाही. पायवाट पडायचे रस्ते थोडेच. एक, पैसे देऊन जाहिरात करा. दुसरा, गुगलवर कुणी काही शोधलं की आपलं पान समोर यावं असं लिहा. त्याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते. तिसरा रस्ता म्हणजे ओळखीच्या माणसानं ओळखीच्या माणसाला सांगावं, त्यानं पुढच्याला, त्यानं आणखी पुढच्याला. शहरातली मंडळी याला 'व्हायरल मार्केटिंग' म्हणतात. आज आपण या तिसऱ्या रस्त्यावरूनच चालणार आहोत.

'व्हायरल' हा शब्द विषाणूवरून आलाय. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना. कोरोनानंतर हे कुणाला वेगळं समजवायला नको. पण आपल्या मालाला रोगाचं नाव द्यायला आम्हाला बरं वाटत नाही. आम्ही आपसात त्याला विरजण म्हणतो. चमचाभर विरजण पातेलंभर दूध लावतं, आणि त्या दह्यातला चमचा शेजारीण घेऊन गेली की तिच्याकडचंही लागतं. मात्र दूध कोमट लागतं. गार दुधात विरजण नुसतं बुडून बसतं, उकळत्यात मरतं. ही कोमट दुधाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या कामाची जगात सगळ्यात गाजलेली गोष्ट सांगतो. साल १९९६. चंदीगडमध्ये जन्मलेला आणि बंगळुरूत वाढलेला सबीर भाटिया नावाचा तरुण तेव्हा अमेरिकेत होता. त्यानं आणि जॅक स्मिथ या त्याच्या सहकाऱ्यानं हॉटमेल नावाची वेबसाइट काढली. दिवस निवडला ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. या वेबसाइटवर कुणालाही फुकट ई-मेल मिळायचा, आणि तो जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता यायचा. त्या काळात ही मोठी नवलाई होती. पण ती लोकांना कळायची कशी? मोठमोठ्या फलकांवर जाहिराती करायला यांच्याकडे पैसा नव्हता.

यांना भांडवल देणाऱ्यांपैकी टिम ड्रेपर यांनी एक युक्ती सुचवली. हॉटमेलवरून जो कुणी पत्र पाठवेल, त्याच्या प्रत्येक पत्राखाली आपोआप एक ओळ छापून जाऊ दे: तुम्हालाही असा फुकट ई-मेल हॉटमेलवर मिळेल. ती ओळ दाबली की सरळ वेबसाइट उघडायची. दोघा तरुणांना ही युक्ती आधी रुचली नाही. लोकांच्या खाजगी पत्राखाली आपली जाहिरात चिकटवायची, हे बरं दिसतं का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बरोबरच होता. शेवटी ते तयार झाले आणि मग जे झालं ते बघा. सुमारे दीड वर्षात १ कोटी २० लाख लोक तिथं आले. आपल्या भारतात तर त्यांनी जाहिरातीवर काही खर्चच केला नव्हता, तरी इथं हॉटमेल पोचलं. परदेशी गेलेल्या मुलानं आईबापांना, भावाला पत्र पाठवायचं, खालची ओळ वाचून भावानं आपलं खातं काढायचं, मग त्याच्या मित्रांनी. १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्ट कंपनीनं हॉटमेल विकत घेतलं. आकडा ४० कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो.

यात खरी गंमत कुठे आहे? ओळ गोड होती म्हणून ती चालली नाही. पत्र लिहिणाऱ्याला वेगळं काही करावंच लागत नव्हतं, हे एक. आणि पत्र ओळखीच्या माणसाकडून येत होतं, हे दुसरं. पोराचं पत्र आलं, पोहोचलं, म्हणजे ही वस्तू चालते, याचा पुरावा हातातच होता. आमच्या मते दुसरं कारण जास्त मोठं. नणंदेनं सांगितलेला डॉक्टर आणि भिंतीवर रंगवलेला डॉक्टर यांत आपण कुणाकडे जातो, ते बघा ना.

तसं पाहिलं तर आपल्याकडेही ही विद्या नवी नाही. वयानं मोठ्या असलेल्या सयांना आठवत असेल, पूर्वी पोस्टकार्डं यायची. देवीचं नाव, एखाद्या चमत्काराची गोष्ट आणि खाली तंबी: अशीच अकरा पत्रं लिहून पाठवा, पाठवली त्याला धनलाभ झाला, फाडून टाकलं त्याचं नुकसान झालं. आमच्यापैकी एकीच्या आईनं परीक्षेच्या दिवसांत पोरीला वही बाजूला ठेवायला लावून अकरा कार्डं लिहून घेतली होती. बघा, पुढे पाठवायचा हुकूम पत्राच्या पोटातच होता. हॉटमेलनं केलं तेच. फरक एवढाच की पोस्टकार्ड भीतीवर चालत होतं. भीतीवर चाललेली वस्तू पुढे जाते खरी, पण ती पाठवणाऱ्यावर कुणाचा जीव जडत नाही. आपल्याला गिऱ्हाईक पुन्हा यायला हवंय. म्हणून तो मार्ग आपला नाही.

आता थोडा हिशोब करू. कंटाळू नका, पासबुकापेक्षा सोपा आहे. आपल्या गटात चौदा जणी आहेत. प्रत्येकीनं दहा जणांना निरोप पाठवला, म्हणजे झाले १४० जण. या दहातल्या एकानं तो पुढे पाच जणांना पाठवला, तर पुढच्या फेरीत ७०, त्यापुढे ३५, मग १७, मग ८, आणि चूल विझली. सगळे मिळून पावणेतीनशेच्या आसपास. दहातल्या दोघांनी पुढे पाठवला तर प्रत्येक फेरीत १४० च राहतात, निखारा धुगधुगत राहतो. आणि दहातल्या तिघांनी पाठवला तर? १४०, २१०, ३१५, असं करत दहाव्या फेरीला, एकट्या त्या फेरीत, पाच हजारांवर माणसं होतात. एक, दोन, तीन, एवढाच फरक. म्हणजे पहिल्यांदा हजार लोकांना पाठवायची धडपड करण्यापेक्षा, ज्याच्या हातात पडेल त्याला पुढे पाठवावासा वाटेल असा निरोप करणं हे खरं काम. प्रत्यक्षात कागदावरच्या इतकं सरळ होत नाही. आपले पाहुणे एकमेकांचेही पाहुणे असतात, तोच निरोप फिरून फिरून त्याच घरात येतो, आणि वाढ आपोआप मंदावते. पण अंदाजाला हिशोब बरा.

मग लोक कुठली गोष्ट पुढे पाठवतात? अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातले जोना बर्गर आणि कॅथरिन मिल्कमन यांनी एका मोठ्या वर्तमानपत्राचे सुमारे सात हजार लेख तपासले. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. वाचून नवल वाटतं, राग येतो किंवा काळजी वाटते, असे लेख लोक जास्त पाठवतात. नुसतं उदास करणारे लेख कमी पाठवतात. उपयोगाची माहिती असेल तर तीही पुढे जाते. थोडक्यात, ज्यानं माणूस जागचा हलतो ते पुढे जातं. हेच आपलं कोमट दूध.

हे सगळं आम्हाला आधी कुठं ठाऊक होतं! आम्ही सरळ जाहिरात केली. गटाचं नाव, पापडांचा फोटो, भाव, फोन नंबर, चारी कोपऱ्यांत फुलं. चौदा जणींनी आपापल्या पाहुण्यांना पाठवली. पाहुण्यांनी अंगठा दाखवला, हात जोडले आणि विषय संपला. पुढे कुणीच पाठवली नाही. का पाठवतील? दुसऱ्याची जाहिरात आपल्या मामीला पाठवून आपल्याला काय मिळतं?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जे झालं ते ठरवून झालं नाही. वैशाखातली सकाळ, गटाचं वाळवण चालू होतं. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, चीक काढून, मोठ्या पातेल्यात आजी चीक घाटत होत्या. आमच्यातल्या एकीच्या सुनेनं सहज मोबाइल काढला आणि दीड मिनिटाची चित्रफीत घेतली. चुलीचा धूर, आजींच्या बांगड्यांचा आवाज, चीक फदफदतोय, आणि शेजारची पोरं वाट्या घेऊन ओळीनं बसलेली. शेवटी आजी कॅमेऱ्याकडे न बघताच विचारतात, "तुला कशाबरोबर देऊ? दूध-साखर का तेल-तिखट?"

तो प्रश्न आम्ही खाली लिहून पाठवला: तुमच्याकडे चीक कशाबरोबर खातात? बस. पुण्यात राहणाऱ्या एका भाचीनं तिच्या सोसायटीच्या गटावर टाकला. तिथं भांडणच लागलं. कुणी म्हणे दूध-साखर, कुणी म्हणे गूळ-तूप, एक काका म्हणे तेल-तिखटाशिवाय चीक खाणारा माणूसच नव्हे. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचे साक्षीदार आणायला तो आपल्या माणसांना पाठवला. माहेरच्या अंगणाची आठवण आणि वर थोडी भांडणाची फोडणी. चौथ्या दिवशी सुरतेहून फोन आला, आठव्या दिवशी दुबईहून.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसती चित्रफीत फिरून वेबसाइटला काय मिळतं? लोक बघतील, हसतील, विसरतील. सुनेनं हुशारी अशी केली की प्रश्नाखाली एक ओळ टाकली: गव्हाच्या कुरडया पहिल्या दिवसापासून कशा करायच्या, ते सगळं इथं लिहिलंय. आणि खाली आमच्या पानाचा पत्ता. म्हणजे वेबसाइटवर जायला कारण दिलं. चित्रफितीत दीड मिनिट, पानावर पूर्ण कृती. गहू कोणते घ्यायचे, पाणी रोज का बदलायचं, चीक शिजला हे कसं ओळखायचं, सोऱ्यात घालताना किती गरम हवा. आणि कृतीच्या शेवटी, हे सगळं करायला अंगण आणि ऊन नसेल तर आमच्याकडून मागवा, असं. शहरातल्या बाईकडे चीक घाटायला हौस असते, गच्ची नसते. कृती वाचता वाचताच तिला कळतं की हे विकत घेतलेलं बरं.

एका दिवसात पानावर १,९०० लोक आले. त्या आधीच्या अख्ख्या वर्षात तेवढे आले नव्हते. त्या आठवड्यात ६४ ऑर्डरी आल्या. आमच्याकडे माल होता चाळीस किलो.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात, म्हणून ती सावकाश सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेबसाइट बंद पडली. आम्ही सगळ्यात स्वस्त जागा भाड्यानं घेतली होती. जेवढं भाडं तेवढी वाट रुंद, एवढी माणसं एकदम आली तर दारात चेंगराचेंगरी होणारच. त्यात आम्ही कॅमेऱ्यातून निघालेले फोटो तसेच्या तसे चढवलेले. एकेक फोटो इतका जड की गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हावा. ज्यांनी वेबसाइट करून दिली होती त्यांनी चार तास फोन उचलला नाही. ते चार तास आम्ही फक्त "उघडत नाहीये" असे निरोप वाचले. तुम्ही काही पाठवायच्या आधी फोटो हलके करून घ्या, पान साध्या मोबाइलवर, तेही कमी रेंजच्या जागी उभं राहून उघडून बघा. आणि पान मराठीत लिहिताना मोबाइलवर टाइप होते तीच युनिकोड अक्षरं वापरा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या फोनवर किड्यामुंग्यांसारखं दिसतं.

ते निस्तरता आलं. दुसरी चूक मात्र अजून निस्तरलेली नाही. आम्ही निरोपात आमच्या खजिनदारताईंचा फोन नंबर टाकला होता. त्यांचा स्वतःचा. पहिले दोन दिवस त्यांना मोठं अप्रूप वाटलं. मग रात्री अकराला, बाराला फोन येऊ लागले. काही खरे गिऱ्हाईक, वेळेचं भान नसलेले. काही गिऱ्हाईक नव्हतेच. बाईचा नंबर मिळाला म्हणून करणारे. घरात धुसफूस सुरू झाली. सासरे म्हणाले, कसला हा धंदा. मालकांनी फोन काढून कपाटात ठेवला. तोच नंबर बँकेला, आधारला, गॅसच्या पुस्तकाला जोडलेला. बदलायचा तर चार ठिकाणी खेटे. त्यांनी बदलला, दोन महिने लागले. आणि तोवर आमच्या ऑर्डरी कोण घेत होतं? कुणीच नाही. आलेलं गिऱ्हाईक निम्मं असंच गेलं. पण गिऱ्हाईक गेल्याचं आम्हाला तेवढं लागलं नाही. ज्या बाईनं तीन वर्षं पैशापैशाचा हिशोब ठेवला, तिच्यावर घरात मान खाली घालायची वेळ आमच्यामुळे आली, हे लागलं. त्या वर्षभर त्या बैठकीला आल्या नाहीत. आम्ही चौघी त्यांच्या घरी जाऊन सासऱ्यांशी बोललो, चूक आमची आहे हे सांगितलं. आता त्या येतात. पण तो जुना निरोप अजूनही कुठे ना कुठे फिरतोय.

त्याच आठवड्यात आणखी एक फोन आला होता. "मिलिटरी कॅन्टीनमधून बोलतोय, दोनशे किलो कुरडया पाहिजेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." सुनेनं हातातून फोन ओढून घेतला म्हणून वाचलो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन पैसे द्यायलाच लागतो. हे पाटीवर लिहून ठेवा. असं कुणाचं काही झालंच तर लगेच १९३० या सरकारी नंबरवर फोन करा, जितका लवकर तितका बरा. चार चांगली माणसं आपल्या दारात आली की त्यांच्या मागून चोरही येतो, जत्रेत येतो तसा.

यातून आम्ही एक वाटणी करायला शिकलो. निरोप हा सुटलेला बाण आहे, परत येत नाही. पान मात्र आपल्या हातात असतं, केव्हाही पुसून नवं लिहिता येतं. म्हणून जे बदलू शकतं ते निरोपात लिहायचं नाही, पानावर लिहायचं. भाव पानावर. फोन नंबर पानावर. माल शिल्लक आहे का संपला, तेही पानावर. आम्ही त्या पहिल्या निरोपात किलोचा भाव टाकला होता. दिवाळीनंतर एका ताईंनी फोन करून त्याच भावानं माल मागितला, आणि नाही म्हटल्यावर आम्हाला लबाड ठरवलं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या हातातला कागद आमचाच होता. आणि दिवाळीत कुरडया आणायच्या कुठून? त्याला चैत्र-वैशाखाचंच ऊन लागतं. निरोपाला महिना कळत नाही. आता आमच्या पानावर माल संपला की लगेच पाटी लागते: यंदाचा माल संपला, पुढच्या उन्हाळ्यासाठी नाव नोंदवा. मागच्या खेपेला अशी बरीच नावं जमली. ज्यांना परत पाठवलं असतं, तीच आता आमची पहिली गिऱ्हाइकं.

फोनसाठी गटाचं वेगळं सिम घेतलंय. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस हे फुकटचं अॅप आहे. त्यात वस्तूंची यादी लावता येते, आणि अवेळी कुणी लिहिलं तर "सकाळी दहा ते पाच उत्तर देऊ" असं ते आपणच सांगतं. तो फोन गटाच्या कपाटात राहतो, कुणाच्या उशाशी नाही.

व्हॉट्सअॅपचे नियम जरा सांगतो, कारण आपला निरोप बहुतेक तिथूनच जातो. एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येतो. आणि जो निरोप हातोहात फार फिरलाय त्यावर दोन बाण दिसतात, तो मग एका वेळी एकाच ठिकाणी जातो. हा नियम का आला, ते महाराष्ट्रानं विसरू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. पोरं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती, तेवढ्यावरून. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात पुढे ढकलण्यावर पाचाची मर्यादा आणली, पुढच्या वर्षी ती जगभर लावली. दोन बाणांचा एकाचाच नियम २०२० सालचा. काळजी आणि राग यांनी निरोप पुढे जातो असं मघाशी सांगितलं. तो असाही जातो. आमचा चीक आणि ती अफवा एकाच वाटेनं गेले, हे आम्हाला फार दिवस खुपत राहिलं. म्हणून आमच्या गटात ठरलंय, "ही भेसळ खाऊन अमुक मेला, म्हणून आमचंच घ्या" असला निरोप करायचा नाही. तसला निरोप झपाट्यानं जाईल, हे माहीत असूनही नाही.

मर्यादेतून सरळ वाट अशी आहे की पानावरच "मैत्रिणीला पाठवा" असं बटण ठेवायचं. ते दाबलं की नवाच निरोप तयार होतो, जुना ढकललेला नव्हे. तिला वर दोन शब्द स्वतःचेही लिहिता येतात, आणि हॉटमेलच्या गोष्टीतलं आठवा, ओळखीच्या माणसाचे दोन शब्दच कामाचे. अनोळखी नंबरांच्या याद्या विकत मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. शंभर अनोळखी लोकांना पाठवलं आणि त्यातल्या काहींनी तक्रार केली तर आपला नंबरच बंद होतो. पाचशे रुपयांत हजार लाइक देणारेही भेटतील. ते लाइक कुरडया खात नाहीत.

पुढे पाठवण्याऐवजी लोकांनी स्वतः काही करावं, अशीही एक तऱ्हा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची आणि पुढच्या तिघांना आव्हान द्यायचं, असं खूळ आलं होतं. खूळ म्हणायचं, पण त्यातून एएलएस नावाच्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेला ११ कोटी डॉलरहून जास्त देणगी मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी ते आपल्याकडचं करून टाकलं. पाणी कशाला वाया घालवता, बादलीभर तांदूळ गरजू माणसाला द्या, फोटो टाका आणि दुसऱ्याला सांगा. तेही देशभर गेलं. आमच्या भागात जिथं टँकरनं पाणी येतं तिथं पहिली कल्पना चालली नसती, दुसरी चालली असती. बाहेरचं काही घेताना हे बघावं लागतं.

कोण कुठून आलं हे कळायलाही सोपी सोय आहे. ज्यानं वेबसाइट केली त्याला सांगा, पानाच्या पत्त्याला शेपटीसारखी वेगळी खूण लावून दे. पुण्याला पाठवायच्या पत्त्याला एक, मुंबईला दुसरी, माहेरवाशिणींच्या गटाला तिसरी. महिन्यानं बघितलं की कळतं, कुठून नुसते बघे आले आणि कुठून गिऱ्हाईक. आमच्याकडे मुंबईहून बघे जास्त आले, पण ऑर्डरी माहेरवाशिणींच्या. आता आम्ही मुंबईच्या मागे फारसं धावत नाही.

एक राहिलंच. त्या चित्रफितीत वाटी घेऊन बसलेली एक पोर होती. तिचे वडील बाहेरगावी कामाला, त्यांना तिथं मित्रानं दाखवली. ते गावी आल्यावर रागानं विचारायला आले, माझ्या मुलीला कुणाला विचारून दाखवलं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. पानावरून आम्ही तेवढा भाग काढला, लोकांच्या फोनमधून कसा काढणार? आता कॅमेरा काढायच्या आधी सगळ्यांना विचारतो, आणि पोरांना दाखवायचं असेल तर आईबापांना. आजींना तेव्हाही विचारलं होतं, त्यांनी हसून मान हलवली होती. पण हजारो लोक बघतील हे त्यांना काय, आम्हाला तरी कुठं माहीत होतं!

यंदाचा निरोप आम्ही फाल्गुनातच लिहून ठेवलाय. त्यात ना भाव, ना नंबर, ना कुणाचं नाव. एक प्रश्न आणि एक पत्ता. माल मात्र या खेपेला आधी मोजणार, दोनशे किलो वाळून डब्यात पडल्याशिवाय कुणी बटण दाबायचं नाही असं ठरलंय. पार्सलला पुठ्ठ्याची खोकी आधीच आणून ठेवलीत, कारण मागच्या वेळी कुरडयांचा अर्धा चुरा पोचला होता. यंदा पानावर खारोड्यांची कृतीही चढवतोय, बाजरीच्या.

आजींना विचारलं, यंदा येता का पुन्हा कॅमेऱ्यासमोर? म्हणाल्या, येते, पण साडी कुठली नेसायची ते मी ठरवीन, आणि मागच्या वेळसारखं धुराच्या बाजूला बसवू नका.